ज्याची नक्कल करता येत नाही

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक रात्र करमणुकीची असते. दोन-तीन वर्षांपूर्वी एका नकलाकार मुलाला बोलावलं होतं. पोरगा तयारीचा होता. निळूभाऊ झाले, अशोकमामा झाले, नाना झाला, लक्ष्या झाला. प्रत्येक आवाजाला टाळ्या पडत होत्या. मग मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, "दिलीप प्रभावळकर करा!" मुलगा थांबला. माईक हातात धरून क्षणभर विचार केला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "कुठले करू?"

लोक हसले, तो पुढच्या नकलेकडे वळला. माझ्या डोक्यात मात्र ते दोन शब्द घर करून राहिले. ज्या नटावर मी लहानपणापासून जीव टाकत आलो, त्याच्याबद्दल इतकं नेमकं कुणी काही बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

नकलेला धरायला एखादी कडी लागते. शब्द ओढायची तऱ्हा, मान झटकायची सवय, चालण्यातली एखादी लकब. ती कडी हाताला लागली की सगळं दार उघडतं. प्रभावळकरांची कडी दर भूमिकेत निराळ्या जागी असते. दूरदर्शनवरच्या चिमणरावाचा तो भेदरलेला, पातळ स्वर तात्या विंचूच्या कामाचा नाही. तात्या विंचूची खरखर टिपऱ्यांच्या आबांना चालायची नाही. आबांचा मिश्कीलपणा गांधीजींच्या तोंडी शोभायचा नाही. आणि रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण या सगळ्यांच्या पलीकडची. जीवरसायनशास्त्र शिकलेला, बोलायला मऊ, दिसायला चारचौघांसारखा हा माणूस एवढी माणसं कुठे ठेवत असेल, असा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडत आला आहे.

त्यांना बहुरूपी म्हणायची रीत आहे. मला तो शब्द अपुरा वाटतो. बहुरूपी वेष बदलतो आणि आपण त्याच्या बदलण्याला दाद देतो. प्रभावळकरांच्या कामात वेष, आवाज, वय सगळं बदलूनही एक गोष्ट तशीच राहते, आणि माझा जीव जडला तो त्या न बदलणाऱ्या गोष्टीवर. त्यांची माणसं समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात. आपण इथे चालतोय ना, आपलं बोलणं या माणसाला नकोसं झालं नाही ना, हे त्या चेहऱ्यावर शोधतात. ते बघणं क्षणाचं असतं, पण त्या क्षणात त्या माणसाचं सगळं एकटेपण दिसून जातं.

हे मला कधी कळलं ते सांगायचं तर बाळूदादाबद्दल सांगायला हवं.

बाळूदादा माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. जन्माच्या वेळी काहीतरी अडलं आणि त्याची बुद्धी पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढीच राहिली. वयाने मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणायचो आणि खेळताना त्याला सांभाळून घ्यायचो. डोंबिवलीला मामाचं दोन खोल्यांचं घर होतं. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथे पडीक असायचो. पोरं कशावरून तरी खिदळायला लागली की बाळूदादा लगेच हसायचा नाही. आधी तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून घ्यायचा. सगळे हसताहेत अशी खात्री झाली की मग हसायचा, आमच्यापेक्षा जरा उशिरा आणि आमच्यापेक्षा जरा मोठ्याने. हसणं ओसरलं की पुन्हा एकदा तोंडं बघायचा आणि तोंड मिटायचा. आम्हाला याची इतकी सवय होती की त्यात बघण्यासारखं काही आहे हेच आमच्या लक्षात आलं नव्हतं.

'चौकट राजा' १९९१ चा. आम्ही तो दोनेक वर्षांनी दूरदर्शनवर पाहिला, मामाच्याच घरी. शेजारचेही आले होते. संजय सूरकर यांचं दिग्दर्शन, स्मिता तळवलकर, सुलभा देशपांडे, अशोक सराफ ही सगळी मंडळी त्यात होती. लहानपणीच्या अपघातामुळे प्रभावळकरांच्या नंदूची वाढ तिथेच थांबली आहे. शरीराने तो बाप्या झाला आहे, आणि आई त्याला चाळीतल्या खोलीत सांभाळते आहे. मग त्याची बालमैत्रीण मुन्नी, आता संसारी बाई झालेली, जवळच राहायला येते. तो अपघात तिच्यासोबत खेळताना झाला होता, त्यामुळे तिच्या मनावर त्याचं ओझं आहे. नंदूच्या मनावर कसलंच ओझं नाही. त्याला मुन्नी भेटली, आता खेळायचं, एवढंच त्याला कळतं.

सिनेमा सुरू झाल्यावर घरात सगळ्यांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. बाळूदादा मांडी घालून अगदी पुढे बसला होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कणकेच्या हाताने. नंदूला मुन्नी भेटल्यावरचा तो आनंद पडद्यावर आला. आनंद चेहऱ्यावर येतो, मधेच अडतो, समोरच्या बाईच्या डोळ्यांत काही तरी शोधतो आणि मग सगळ्या तोंडभर पसरतो. मला तरी तो तसाच दिसला. मामी आत जायची थांबली. सिनेमा संपेपर्यंत ती तिथेच होती, कणीक हातावर वाळून गेली होती. लोक उठून गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "हे ह्याला कुणी सांगितलं?"

नंदूची मान, तोंड, जड जिभेचं बोलणं, हे सगळं मेहनतीने बसवलेलं होतं हे उघड आहे. पण मान आणि जीभ बघून शिकता येते. अशा मुलांच्या शाळेत चार दिवस जाऊन बसलं तर डोळस नटाला ती सापडेल. हसण्याआधी परवानगी मागणारे डोळे कुठून आणले? ते दिसायला त्या घरात वर्षानुवर्षं राहावं लागतं. आणि आम्ही तर राहत होतो, तरी आम्हाला दिसले नव्हते. पडद्यावरच्या नंदूने मला माझ्याच घरातला बाळूदादा दाखवला. त्यानंतरच्या सुट्टीत मी पहिल्यांदा त्याच्यासाठी थांबलो. तो हसेपर्यंत माझं हसणं धरून ठेवलं.

मामीला त्या नंदूचं आणखी एक आवडलं होतं. नंतर कधीतरी बोलण्याबोलण्यात ती म्हणाली, "हट्टी दाखवलाय, ते बरं केलं." तिच्याकडे येणारे लोक बाळूदादाला 'देवाचं लेकरू' म्हणायचे आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही. देवाचं लेकरू म्हटलं की त्याच्या हट्टाला, रुसण्याला, रागाला जागाच उरत नाही. त्याने फक्त गोड हसत बसायचं आणि बघणाऱ्याने हळहळायचं. अशा भूमिका करताना भल्याभल्यांना मोह होतो प्रेक्षकाकडून कीव मागण्याचा. प्रभावळकरांचा नंदू कीव मागत नाही. तो चिडतो, अडून बसतो, त्याला हवं ते हवंच असतं. म्हणून तर तो दुखावला गेला की आपल्याला लागतं.

याच सुमारास, आगेमागे काही वर्षांत, त्यांनी रंगभूमीवर जयवंत दळवींचं 'नातीगोती' केलं. त्यात ते मतिमंद मुलाचे वडील होते. मुलगा अतुल परचुरे, आई स्वाती चिटणीस. एकाच नटाने काही वर्षांच्या अंतराने एकदा तो मुलगा व्हावं आणि एकदा त्याच मुलाचा बाप, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. एकाच दुःखाच्या दोन्ही अंगांना तो जाऊन उभा राहिला.

ते नाटक मामाने पाहिलं होतं, ऑफिसातल्या मित्रांबरोबर, दादरच्या शिवाजी मंदिरात. मामी गेली नव्हती. ती दोघं कधीच कुठे एकत्र गेली नाहीत. एकाने जायचं, दुसऱ्याने बाळूजवळ थांबायचं, हा त्यांच्या संसाराचा नियम होता. ही हकीकत मामीने मला फार उशिरा सांगितली, मामा गेल्यानंतर. त्या रात्री तो शेवटच्या गाडीने आला, जेवला नाही, "कसं होतं नाटक?" म्हटलं तर "चांगलं होतं" म्हणाला आणि गॅलरीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी मामा बाळूची दाढी करायचा. एरवी ते काम घाईचं असायचं, कारण बाळूदादा मान हलवायचा आणि मामा ओरडायचा. त्या रविवारी मामाने तासभर लावला. साबणाचा फेस दोनदा केला. हनुवटीखालची जागा येते तिथे बाळू अंग चोरून घ्यायचा, तिथे मामा हात थांबवून त्याला श्वास घेऊ द्यायचा आणि मग पुन्हा वस्तरा लावायचा. "एकदाही ओरडले नाहीत रे," मामी म्हणाली. "मी विचारलं नाही काय झालं म्हणून."

पुढे त्या नाटकाचं ध्वनिचित्रमुद्रण पाहिलं तेव्हा मला मामाचा तो तास समजला. आपल्यामागे याचं कसं होणार, हा प्रश्न घेऊन जगणारा तो बाप रडून भेकून दाखवत नाही. तो थकलेला आहे. कधी कधी त्याला मुलाचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला याची लाज वाटते, आणि लाज वाटली की तो मुलाशी जास्तच गोड बोलतो. हे तिन्ही पदर प्रभावळकरांच्या साध्या, मध्यमवर्गी, जरा दमलेल्या आवाजात एकापाठोपाठ येतात. कुठे मोठा उमाळा नाही. बाबा लोकांच्या मनातली ही लाज कुणी बोलून दाखवत नाही. मामाने तर नाहीच. त्याच्या वतीने ती दुसऱ्याच माणसाने शिवाजी मंदिराच्या रंगमंचावर येऊन दाखवली. अतुल परचुरे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांचं आणि प्रभावळकरांचं ते बाप-लेकाचं नातं त्या मुद्रणात उरलं आहे. कुणी पाहिलं नसेल तर जरूर पाहावं, पण एकट्याने पाहावं.

त्यांनी केलेल्या म्हाताऱ्यांवर तर वेगळं लिहायला हवं. 'हसवाफसवी' त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या. त्यातले कृष्णराव हेरंबकर हे संगीत नाटकाच्या जमान्यातले जुने नट. मी तो प्रयोग ठाण्याच्या गडकरी रंगायतनला पाहिला. प्रभावळकर तेव्हा पन्नाशीच्या आसपासचे. कृष्णराव विंगेतून आले तेव्हा प्रेक्षागृहात आधी हशा पिकला आणि मग तो हशा एकेका रांगेतून विरत गेला. माझ्या शेजारच्या काकू हसता हसता पदराने डोळे टिपायला लागल्या. ज्याचा काळ उलटून गेला आहे अशा कलावंताला काळ उलटल्याचं ठाऊक असतं, पण रंगमंचावर पाय पडला की ते क्षणभर विसरायला होतं. ते विसरणं आणि पुन्हा आठवणं, एवढ्यावर ती भूमिका उभी होती. शरीर अर्थातच पिकलेलं, थरथरतं, वाकलेलं होतं. ते बसवण्याचं कसब मोठंच आहे. पण लोक रडले ते थरथरीला नव्हे. समोर बसलेल्यांना आपण आठवतो का, हे शोधणारी कृष्णरावांची नजर त्या रांगांवरून फिरली, त्याला रडले.

त्यानंतर दहाएक वर्षांनी टिपऱ्यांचे आबा आले. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, सुरू झालं. मूळ लेखन प्रभावळकरांचंच, 'अनुदिनी'. दिग्दर्शन केदार शिंदेचं. आबा सत्तरी ओलांडलेले आणि ते करणारा माणूस सत्तावन्न वर्षांचा. इथे म्हातारपण पाठीच्या बाकात नव्हतं. आबा चांगले ताठ, टापटीप, चौकस. म्हातारपण होतं ते बोलण्याआधीच्या छोट्या थांब्यात. घरात काही चर्चा चालली आहे, आबांना त्यावर बोलायचं आहे, शब्द ओठांवर आला आहे आणि ते शेखरकडे, श्यामलाकडे, शिऱ्याकडे एकदा बघतात. बोलू की नको? कधी बोलतात, कधी गिळून टाकतात आणि रात्री डायरीत लिहितात. माझे आजोबा तेव्हा आमच्याकडे ठाण्याला असत. ते एरवी मालिकांच्या वाटेला जात नसत. ही मात्र त्यांनी न चुकता पाहिली. एकदा आबांनी असाच एक शब्द गिळला, तेव्हा आजोबा टीव्हीकडे बघतच म्हणाले, "बोल रे, बोलून टाक." माझी आई तेव्हा इस्त्री करत होती. तिचा हात थांबला. त्या दिवसापासून जेवताना ती आजोबांना आवर्जून विचारायला लागली, "तुम्हाला काय वाटतं?"

खलनायकांबद्दल थोडक्यात. आबा घराघरांत पोचले त्याच दिवसांत, २००२ मध्ये, 'एन्काउंटर: द किलिंग'मधला पुनाप्पा आला, आणि तो त्याच माणसाने केला आहे यावर आजोबांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. त्याआधी १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू होताच, ज्याच्या नावाने माझ्या पिढीची निम्मी मुलं रात्री बाथरूमला एकटी जात नव्हती. या माणसांमध्ये एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ती कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. म्हणजे डोळे समोरच्यावर असतात, पण शोधत काहीच नसतात. त्या माणसाच्या होकाराची गरजच संपलेली असते. प्रभावळकरांनी आपल्याजवळचा तो एक दिवा मालवला आणि माणूस भयानक झाला.

'लगे रहो मुन्नाभाई' हा सिनेमा २००६ चा. त्यातल्या गांधीजींसाठी आणि त्याच वर्षीच्या 'शेवरी'साठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गांधीजी म्हटलं की नटावर केवढं दडपण. पुतळे, नोटा, शाळेतल्या तसबिरी, सगळे खांद्यावर येऊन बसतात. हे गांधीजी फक्त मुन्नालाच दिसतात, बाकी कुणाला नाही. म्हणजे ज्याला इतर कुणाच्या चेहऱ्यावर आपलं असणं शोधता येत नाही असा माणूस. प्रभावळकरांनी त्यांना हलकं केलं. हसरं, जरा मिस्कील, मुन्ना चुकला तर न रागावता वाट बघणारं. मला त्यातला भर पत्रकारांसमोरचा प्रसंग आठवतो. डॉक्टर मुन्नाला गांधींविषयी प्रश्न विचारतात, आणि जे मुन्नाने वाचलेलं नाही त्याचं उत्तर त्याच्या गांधींजवळही नसतं. मुन्नाचा आधार तिथे कोसळतो. सगळ्यांचं लक्ष मुन्नाकडे असतं आणि ते बरोबरच आहे. मी मात्र दरवेळी त्या गप्प उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याकडे बघतो. आपण या पोराच्या मनाचा खेळ आहोत हे त्याला आधीपासून ठाऊक होतं, आणि आता ते पोरालाही कळलं. आपल्यामुळे त्याला भर सभेत खाली बघावं लागलं, हे दुःख कल्पनेतल्या माणसाला कसं व्हावं? पण ते तिथे आहे.

आता 'दशावतार'. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला, दिग्दर्शक सुबोध खानोलकर. प्रभावळकर तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे. मी आईला घेऊन गेलो होतो. आमचं मूळ गाव कुडाळ तालुक्यातलं, त्यामुळे दशावतार आमच्यासाठी सिनेमातली नवलाई नव्हे. लहानपणी जत्रेच्या रात्री आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी कितीतरी नाटकं अर्धी जागेपणी आणि अर्धी झोपेत पाहिली आहेत. एकदा आजोबांनी मला देवळामागच्या पडवीत नेलं होतं, जिथे नट तयार होत होते. एक काळासावळा, पोट सुटलेला, पिकल्या केसांचा माणूस आपल्या पेटाऱ्यावर बसून मांडीवरच्या छोट्या आरशात बघून गालांना गुलाबी रंग लावत होता. शेजारी कपात चहा निवत होता. त्याने भुवया कोरल्या, ओठ रंगवले, केसांचा टोप चढवला, नऊवारीचा काष्टा मारला, आणि उठला तेव्हा ती राणी होती. जाताना त्या राणीने माझ्याकडे बघून विचारलं, "बरी दिसतंय मां रे?" सकाळी आम्ही घरी निघालो तेव्हा तोच माणूस लुंगी नेसून पेटारा डोक्यावर घेऊन चालला होता. आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.

बाबुली मेस्त्री पडद्यावर आला आणि मला तो पडवीतला माणूस आठवला. बाबुली म्हातारा दशावतारी. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आहे. मुलाने, माधवने, बापाला आता हे बंद करा म्हणून लकडा लावला आहे, आणि तुला नोकरी लागली की थांबतो असं बापाने कबूल केलं आहे. घरात बाई माणूस नाही. दोघं पुरुष एकमेकांची आई झाल्यासारखे राहतात. सिनेमाचा हा पहिला भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. पुढे खाणीचं राजकारण येतं, माधव जातो आणि बाबुली एकेक अवतार अंगावर चढवून सूड घेतो. तो भाग जंगी आहे, एक्याऐंशीच्या माणसाने पाण्यात, रानात, रात्रीत जे केलं आहे ते बघून थेटरात शिट्ट्या पडत होत्या, आणि पडायलाच हव्यात. पण पटकथा तिथे जरा घाईला येते असं मला वाटलं. सूड घेणारा देव करायला मोठे नट पुष्कळ मिळतील. मुलाच्या चेहऱ्याकडे बघून आपली कला सोडायला तयार होणारा बाप करायला मात्र हाच माणूस हवा होता.

त्या बापाचं बघणं बघा. आता त्याला नीट दिसतच नाही. आयुष्यभर ज्या नटाने आपल्या माणसांना समोरच्याच्या चेहऱ्यावर आधार शोधायला लावला, त्याच्या वाट्याला आता असा माणूस आला, ज्याला चेहरे अंधुक झाले आहेत. मग तो काय करतो? तो कानाने बघतो. माधव बोलायला लागला की मान किंचित वळते, हनुवटी वर होते. मुलाच्या आवाजात राग किती आणि काळजी किती हे तो तोलतो. कधी हात पुढे करून खांद्याला, दंडाला लावून बघतो. नंदूचं ते बघणं, आबांचा तो थांबा, कृष्णरावांची ती फिरणारी नजर, सगळं त्या चाचपणाऱ्या हातात उतरलं आहे. मुलगा गेल्यावर तोच हात रिकाम्या जागी फिरतो तेव्हा आईने माझं मनगट धरलं. सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही.

परतताना रिक्षात ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादाची आठवण झाली." दादा म्हणजे माझा मामा. तो असता तर याच वयाचा असता, असं म्हणून तिने हिशेब केला, चुकला, पुन्हा केला.

त्या दिवाळीत मी डोंबिवलीला गेलो. मामी आता पंचाहत्तरीची आहे, हात कापतात. मामा गेल्यापासून बाळूदादाच्या दाढीला खालचा न्हावी घरी येतो, पण पाडव्याच्या दिवशी तो आला नव्हता. बाळूदादा एक्कावन्न वर्षांचा आहे, खुंट पांढरे आले आहेत. मी म्हटलं, मी करतो. गॅलरीत स्टूल टाकलं, टॉवेल गुंडाळला, मामाचा जुना ब्रश मामीने डब्यातून काढून दिला. फेस केला. त्याने एका जागी बसावं म्हणून समोरच्या कट्ट्यावर मोबाईल उभा करून ठेवला आणि त्यात 'दशावतार'ची झलक लावून दिली. रंग, मृदंग, रान, आग, त्याला आवडेल असं वाटलं होतं. बाबुली पूर्ण रंगलेला होता. तोंडावर रंग, डोक्यावर मुकुट, ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं.

बाळूदादाने टक लावून पाहिलं. मग फेसाने भरलेलं तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाला, "आबा."

मामी दारात उभी होती. मी रेझर बाजूला धरला. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, बरोबर आहे ना, म्हणून.

"हो," मी म्हटलं, "आबाच."

मग तो हसला, मोठ्याने, आणि फेस सगळ्या टॉवेलवर उडाला. मी त्याचं हसू संपेपर्यंत थांबलो, हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि म्हटलं, "आता जरा वर बघ."